शनिवारचे डबे

“आजपासून डबे बंद! सांगून ठेवते, टेकाळे बाई.”

मार्थाबाई हिवाळे शाळेच्या फाटकातच उभ्या होत्या. पांढरी, निळ्या काठाची साडी, घट्ट अंबाडा, दोन्ही हातांत पिशव्या आणि चेहरा असा, की प्रार्थनेला रांगेत उभी राहिलेली पोरंसुद्धा चिडीचूप झाली.

“अहो, आधी आत तर या.”

“आत नाही नि बित नाही. हा घ्या तुमचा डबा. उगाच माझ्याकडं राहायला नको.”

दिवाळीत मी त्यांच्याकडे चकल्या पाठवल्या होत्या, तो डबा. रागानं बाईंचा श्वास फुलला होता आणि डबा हातात घेतला तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकण उघडून बघते तर मूठभर खारे शेंगदाणे. आता भांडायला निघालेल्या बाईनं शेंगदाणे कशाला आणावेत? पण मार्थाबाईंचं सगळंच तसं. मी डबा खिडकीत ठेवला आणि विसरून गेले.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेच्या शाळेत सातवीला शिकवत होते. शाळेची मागची भिंत नि चर्चच्या आवाराची भिंत एकच. अलीकडं आमचे पाढे, पलीकडं त्यांची गीतं. पाढे बेसूर, एवढाच काय तो फरक.

आमची निम्मी पोरं खडी क्रशरमागच्या वस्तीतली. आईबाप दगड फोडणारे, कामाचा भरवसा नाही. आठवडाभर शाळेत खिचडी मिळायची, पण शनिवारी अर्धी शाळा नि रविवारी सुट्टी. सोमवारी प्रार्थनेत एखादं पोर हमखास भोवळ येऊन पडायचं. पहिल्यांदा वाटलं ऊन लागलं. मग कळलं, ऊन कसलं, पोटात अन्नाचा कण नाही. मी तशी तापट बाई. तडक चर्चमध्ये गेले आणि पास्टर पाटोळ्यांना म्हटलं, “तुमच्या भिंतीपलीकडं लेकरं उपाशी पडतायत, तुम्ही गीतं काय म्हणताय?”

पास्टर भला माणूस. रागावले नाहीत. पण मंडळीत पान हलायचं ते मार्थाबाईंच्या हुकमानं. मिशनच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून हयात गेलेली बाई, आता भगिनी मंडळाची प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दर शनिवारी प्रत्येक घरात एका लेकराचा जास्तीचा स्वयंपाक होईल. भाकरी, सुकी भाजी, नि रविवारला पुरतील असे दाण्याचे लाडू. पुढं?”

पुढं काही उरलंच नव्हतं. त्या वर्षी हंगामाच्या सणाला मंडळीनं देवापुढं धान्य नि कोंबड्यांबरोबर नवे कोरे तीन पुडाचे स्टीलचे डबे आणून ठेवले. फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजलं. मार्थाबाईंना डब्यांवर चर्चचं नाव घालून घ्यायचं होतं.

“नाव नको,” मी म्हटलं. “पोरं भर वस्तीतून डबा घेऊन जाणार. दुरूनच कळायला नको, कुणाच्या घरी चूल पेटत नाही ते.”

“नावाशिवाय भांडं म्हणजे गेलंच समजा.”

“सोमवारी पोरं आणून देतील की.”

शेवटी त्यांनी माझं ऐकलं. आणि तेच आता माझ्या अंगावर आलं होतं. कारण सोमवारी डबे परत येईनात. पहिल्या आठवड्यात थोडे आले, मग एखाददुसरा, मग तेही नाही. विचारलं की पोरं जमिनीकडं बघायची. “आई म्हनली, पुढच्या सोमवारी.” मंडळातल्या बायकांनी आपापल्या घरातले डबे दिले, तेही गेले. आणि कालच एका बाईला मोडीवाल्याच्या गाडीवर अगदी तस्साच डबा दिसला होता.

“मोडीत घातले, बाई!” मार्थाबाई फाटकात उभ्या राहून बोलत होत्या, मुद्दाम हळू बोलण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. “आमच्या बायका पहाटे उठून भाकऱ्या थापतात नि हे लोक डबे विकून खातात. उद्या उपासनेनंतर पंचांची सभा आहे. मी सांगणार, बंद करा.”

“मार्थाबाई, एका डब्यावरून?”

“एका? सातवीतली ती मैना कुठली? तिच्याकडं गेलेल्यांपैकी एकही डबा अजून परत आलेला नाही. एकसुद्धा!”

मैना रांगेत तिसरी उभी होती. सोजरची एकुलती एक पोर. बाप छातीच्या दुखण्यानं गेलेला, आई क्रशरवर पाट्या उचलणारी. पोर हुशार, गणितात तर अशी की कधी कधी मलाच फळ्यावर चुकल्यासारखं व्हायचं. ‘माझा आवडता प्राणी’ लिहायला सांगितलं तर सगळ्या वर्गानं गाय नि कुत्रा लिहिला, हिनं आपल्या कवडी कोंबडीवर पानभर लिहिलं होतं.

मी अडवेपर्यंत मार्थाबाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मैना, डबे कुठं आहेत?”

पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

“विकले का? खरं सांग. मी मारत नाही.”

“न्हाई विकले.”

“मग आणले का नाहीत?”

मैनानं एकदा माझ्याकडं बघितलं.  मागून कुणीतरी कुजबुजलं, “चोरटी,” आणि दोन-तीन पोरं फिदीफिदी हसली. त्यासरशी ती रांगेतून निघाली, दप्तर तिथंच टाकून, फाटकातून पळत सुटली.

“झालं समाधान?” मी मार्थाबाईंना म्हटलं. माझा आवाज चढला होता. “सोमवारी चाचणी आहे तिची. आता येते ती?”

“खोटं नसतं तर पळाली असती का?” त्या म्हणाल्या आणि पिशव्या उचलून चर्चकडं गेल्या.

त्या दिवशी मी काय शिकवलं मला आठवत नाही. शाळा सुटायला आली तेव्हा मैनाच्या शेजारची सुमन माझ्या टेबलाशी आली आणि माझ्या पदराशी चाळा करत म्हणाली, “बाई, मैना भट्टीला चाललीया.”

“कसल्या भट्टीला?”

“विटाच्या. ट्रक आलाय वस्तीवर. मुकादम कवापासून मागं लागला व्हता, तिची आई न्हाई म्हनायची. आता व्हय म्हनली.”

 वीटभट्टीवर गेलेली आमची पोरं मला ठाऊक होती. पावसाळा तोंडावर आला की परत यायची, पण शाळेत नाही. एकदा भट्टीवर विटा थापायला बसलेली मुलगी पुन्हा बाकावर बसलेली मी पाहिली नव्हती. तिचं थेट लग्नच व्हायचं.

मी तशीच भिंतीच्या खिंडारातून चर्चच्या आवारात घुसले. मार्थाबाई मागच्या पडवीत न वाटलेल्या लाडवांचा डबा बंद करत होत्या.

“चला माझ्याबरोबर.”

“कुठं?”

“सोजरच्या घरी. ट्रक निघायच्या आत. तुम्ही पोरीला चारचौघांत चोर म्हणालात, ती आता जन्मभर विटा थापणार. चला, निदान बघा तरी.”

“मी चोर म्हणाले नाही.”

“म्हणायचं काय बाकी ठेवलंत?”

त्यांचा चेहरा लाल झाला. वाटलं, आता ही बाई मला हाकलून देणार. पण त्यांनी पायात चपला सरकवल्या. “चला. आणि डबे नसले ना तिथं, तर तुमचं तोंड बघणार नाही मी परत.”

“नका बघू!”

रस्ताभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दुपारचं ऊन, खडीची धूळ, त्यात मार्थाबाईंचे गुडघे दुखणारे. मी मुद्दाम हळू चालले नाही. वस्तीच्या वळणावरच ट्रकचं इंजिन ऐकू आलं आणि मी पळायलाच लागले.

ट्रकवर गाठोडी, पातेली, एक मोडकी खाट चढली होती. बायका-पोरं वर बसलेली. सोजर खाली उभी राहून शेवटचं बोचकं बांधत होती आणि मैना चाकाजवळ पोत्यावर बसली होती. मांडीवर कोंबडी झाकायचं डालगं, रिकामंच.

“कवडी कुठंय गं?” मी विचारलं.

मैनानं मान फिरवली.

“सोजर, अगं चाललीस कुठं? सोमवारी चाचणी आहे पोरीची!”

“भट्टीला चाल्ले, बाई.” सोजरनं गाठ आवळली. माझ्याकडं बघितलं नाही. “जिथं लेकराला चोर म्हनत्यात तिथं कशाला ऱ्हायचं? भट्टीवर राबू, पर कुनी बोट तरी दावनार न्हाई.”

तेवढ्यात मार्थाबाई धापा टाकत पोचल्या. कपाळावरचा घाम पुसला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “जायचं तर जा. पण आमचे डबे कुठं आहेत ते सांगून जा.”

मला वाटलं, या बाईला धरून गदागदा हलवावं. सोजर मात्र वळली. वाकून झोपडीत गेली आणि लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून बाहेर आली. जागा पदरानं झाडली, गाठोडं खाली ठेवलं, सोडलं. तिच्याकडं आलेले सगळे डबे होते. राखेनं घासून इतके लख्ख केलेले, की उन्हात डोळे दिपले.

“शेजारनीपाशी देनार व्हते,” ती म्हणाली. “आता तुमीच आलात. मोजून घ्या.”

ट्रकवरच्या बायका वाकून बघत होत्या. मार्थाबाई थोड्या गोंधळल्या. मोडीत गेलेले डबे असे समोर उभे राहतील, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी एक डबा उचलला, आत काहीतरी सळसळलं. झाकण काढलं.

आत साखर होती. मूठभर, कडेला गोळा झालेली.

त्यांनी दुसरा उघडला. साखर. तिसरा उघडला. साखर. मग बाकीच्यांना हातच लावला नाही. उघडा डबा हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

“ही कुठून आणलीस?” त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

“कवडी इकली,” मैना म्हणाली, आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू तिला फुटलं. “आईनं कवडी इकली चिकनवाल्याला, नि साखर आनली. तुमच्या डब्यात घालाया!”

“गप गं,” सोजर म्हणाली. मग मार्थाबाईंकडं वळली. “तुमी भरला डबा धाडायचा, बाई. मोकळा कसा धाडू माघारी? आमी गरीब हाये, पर रीतभात सोडलेली न्हाई. म्हनलं, या सोमवारी घरात कायतरी येईल, मंग धाडू. आलंच न्हाई. तवर दुसरा डबा आला. मंग तिसरा. आता एवढ्या डब्यांत काय घालू? वस्तीतल्या समद्याच बायांचं ह्येच. कुनी दाखवत न्हाई, एवढंच.”

मार्थाबाई खाली बसल्या. त्या धुळीत, पांढऱ्या साडीसकट. मी धरायला गेले तर माझा हात त्यांनी झटकला.

“टेकाळे बाई,” त्या म्हणाल्या, “सकाळी मी तुम्हाला डबा दिला, त्यात काय होतं?”

“शेंगदाणे.”

“भांडायला निघाले होते मी. तरी मोकळा डबा हातात धरवेना मला. पडवीतून परत आत जाऊन शेंगदाणे घातले. माझ्या आईनं लावलेली सवय. आणि या बायकांना आई नव्हत्या काय?” त्यांनी पदर तोंडाला लावला. “मोडीत घातले म्हणाले मी. देवा रे!”

मुकादमानं हॉर्न वाजवला. “ओ मावशी, आमची खोटी व्हतीय. बसायचं का न्हाई?”

“होऊ दे खोटी!” मार्थाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. दवाखान्यात वॉर्डबॉयवर ओरडत तसा आवाज. “तुझी भट्टी काही विझत नाही तेवढ्यात!”

गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि ट्रककडं तोंड केलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

“ऐका रे सगळे. या पोरीला सकाळी मी शाळेत सगळ्यांसमोर बोलले. डबे विकले म्हणाले. ते खोटं होतं. चूक माझी. मैना, मला माफ कर गं बाळ. सोजर, तूही कर.”

 सोजर गाठोड्याची गाठ बोटांनी चाचपत राहिली.

“तुमी मोठ्या मनाच्या हाये, बाई. पर माफी हितं मागितली. चोर तिथं म्हनल्या. ती शाळेत आता कोनत्या तोंडानं जाईल?”

“सोमवारी ती येईल तेव्हा फाटकात मी उभी असेन. हेच वाक्य रांगेपुढं बोलेन. आणि उद्या उपासनेत मंडळीपुढंही बोलेन, पंच ऐकतील.”

“आनि न्हाई बोलल्या तर?”

“तर या टेकाळे बाई माझा जीव घेतील. ओळखतेस ना तू यांना?”

सोजर हसली नाही. ट्रककडं बघितलं, झोपडीकडं बघितलं. मुकादमानं पुन्हा हॉर्न दिला, आणि ती बोचकं उचलायला वाकली.    मार्थाबाईंनी उघड्या डब्यातली चिमूटभर साखर घेतली आणि मैनापुढं हात धरला. नुसताच. 

मैना त्या साखरेकडं बघत राहिली. मग नाक पुसलं, तळहात पुढं केला, साखर घेतली आणि तोंडात टाकली.

“आये,” ती म्हणाली, “सोमवारी अपूर्णांकावर चाचणी हाय. मला समदे येत्यात.”

सोजरनं बोचकं तसंच हातात धरलं. मग ते ट्रककडं नेण्याऐवजी झोपडीच्या दारात नेऊन टाकलं आणि स्वतः त्यावर बसली. मुकादमानं दोन शिव्या हासडल्या आणि ट्रक निघून गेला. सोजर पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

“चिकनवाला कुठला?” मार्थाबाईंनी मैनाला विचारलं. “नाक्यावरचा? चल ऊठ, कापली नसेल अजून.”

कापली नव्हती. पिंजऱ्यात कोपऱ्यात होती. चिकनवाला म्हणाला, घेतलेला माल परत देत नाही. त्यावर मार्थाबाईंनी त्याला, त्याचा जन्म आपल्याच हातावर झालेला आहे आणि तो पायाळू होता, हे भर नाक्यावर सांगायला सुरुवात केली. त्यानं मुकाट्यानं कोंबडी दिली. मग भर बाजारातून मार्थाबाई काखेत कवडी घेऊन चालल्या, मागून मैना, नि मागून मी. साडीवर कोंबडीनं काय करायचं ते केलं. त्यांनी लक्षसुद्धा दिलं नाही.

बोलल्याप्रमाणं त्या रविवारी मंडळीपुढं बोलल्या, सोमवारी रांगेपुढं बोलल्या. ज्या पोरानं ‘चोरटी’ म्हटलं होतं त्याच्याकडं बघत बोलल्या. मैना मान वर करून उभी होती. चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले, ते वेगळं.

त्या आठवड्यात मार्थाबाईंनी आणखी एक गोष्ट केली. मला बोलावून म्हणाल्या, “डबे आपले, म्हणून ही सगळी आफत. पुढच्या शनिवारपासून पोरांनी घरून भांडं आणायचं. जे असेल ते. आपल्या बायका त्यात भरतील, भांडं त्यांच्या घरी जाईल. परत करायची भानगडच नको. मग कुणाला काही घालायला नको नि कुणाची कोंबडी विकायला नको. कसं?”

“कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललात,” मी म्हटलं.

“बसा आता गप.”

शनिवारी शाळा सुटल्यावर चर्चच्या पडवीत पोरांची रांग लागली. कुणाचं पातेलं, कुणाची कडी मोडलेली बरणी, कुणाचा जर्मनचा पोचे पडलेला डबा. बायका भाकऱ्यांची चळत घेऊन तयार. मार्थाबाई ऐटीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, अक्कल लढवून प्रश्न सोडवल्याचं समाधान चेहऱ्यावर.

पहिली मैना. तिनं आपला जर्मनचा डबा पुढं केला. मार्थाबाईंनी झाकण काढलं.

आत फडक्यात गुंडाळलेलं एक अंडं होतं.

“हे काय गं?”

“कवडीचं हाय. आज सकाळचं.”

“अगं पण डबा तुमचाच आहे ना? भरून न्यायला आणलास ना? मग यात काही घालून कशाला आणलंस?”

“आई म्हनली, मोकळा कसा धाडू.”

मार्थाबाईंनी मागच्या पोराचं पातेलं ओढून घेतलं. त्यात कढीपत्त्याची डहाळी. त्याच्या मागच्या बरणीत चार गाभुळलेल्या चिंचा. त्यामागच्या डब्यात नुसतं मीठ, कागदाच्या पुडीत, नीट घडी घालून. एकाही पोराचं भांडं मोकळं आलं नव्हतं.

मार्थाबाई आधी हसल्या. मग बघता बघता डोळे भरून आले आणि गाल ओले झाले. भाकरी वाढणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मार्थाबाईंनी अंडं फडक्यासकट उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि माझ्यावर खेकसल्या, “टेकाळे बाई, बघत काय बसलात? एक मोठी परात आणा आतून. हे सगळं ठेवायचं कुठं?”